तंबोऱ्याचा जीव

[पडदा काळा. फक्त कानशीचा आवाज. मग मिरजेची सतारमेकर गल्ली.]

हा आवाज मैफिलीत कधी ऐकू येत नाही.

तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरतेय. दोन हात फिरवायची, तार छेडायची, कान लावायचा, की पुन्हा कानस. याला म्हणतात जवारी काढणं. घोडीची पाठ किंचित उतरती होत जाते, तार तिला अलगद घासते आणि साध्या टणत्काराचा गुंजारव होतो. शेवटी तारेखाली सुताचा धागा सरकवायचा. त्या धाग्याचं नाव 'जीव'. नाव ज्यानं ठेवलं, त्याला कान होता.

[भोपळ्यांचा ढीग.]

तंबोऱ्याचा खालचा पोकळ, घुमणारा भाग होतो तो हा भोपळा, पंढरपूरकडचा. कडू, जाड सालीचा. भाजीला निरुपयोगी, म्हणून इथे लाखमोलाचा. घोडीला पूर्वी हस्तिदंत, सांबरशिंग लागायचं. वन्यजीव कायद्यानं ते थांबवलं आणि कारागिरांनी दुसऱ्या हाडावर, लाकडावर हात बसवला. हे काम एकोणिसाव्या शतकात इथे रुजवलं शिकलगारांनी, म्हणजे तलवारी घडवणाऱ्या, धार लावणाऱ्या घराण्यांनी. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

[जुनी छायाचित्रं.]

याच मिरजेत कुरुंदवाडच्या एका कीर्तनकाराचा मुलगा गाणं शिकायला आला. फटाक्यानं डोळे अधू झालेले, शाळा सुटलेली. गायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी त्याला पदरात घेतलं. तो मुलगा म्हणजे विष्णु दिगंबर पलुस्कर. 5 मे 1901 रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेही राजाश्रयाशिवाय, लोकांच्या पैशावर. घराण्याबाहेरच्या मुलालाही फी भरून गाणं शिकता येऊ लागलं. पुढे मुंबईतली इमारत कर्जापायी लिलावात गेली. विद्या शिष्यांनी टिकवली.

[विद्यापीठाचं आवार. खोलीतून रियाज.]

आज गाण्यात पदवी घेता येते, डॉक्टरेटही. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रानं तर 1987 पासून गुरुकुलाची रीत विद्यापीठात आणली. पण वर्गात बसलेल्या मुलाला विचारा: तुझ्या तंबोऱ्याची जवारी कोण काढतं?

बहुतेक वेळा उत्तर येतं, मोबाइलमध्ये तंबोरा आहे की. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. वसतिगृहाच्या खोलीत पाच फुटी वाद्य ठेवायचं कुठे? आणि ते परवडायला तर हवं. विद्यापीठाच्या संगीत विभागानं चांगले तंबोरे घेऊन ते मुलांना रियाजाला दिले, तर हा प्रश्न निम्मा सुटतो. उरलेला निम्मा कारागिराच्या हातात आहे.

2023 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं स्थानिक कलावंत आणि कारागिरांना उच्च शिक्षणसंस्थांत निवासी कलावंत-कारागीर म्हणून शिकवायला बोलावण्याची मार्गदर्शक तत्त्वं आणली. म्हणजे दार किलकिलं आहे. आमचं म्हणणं एवढंच, की बोलवायचं तर प्रदर्शनाच्या टेबलामागे उभं करायला नको. वर्ग द्या, मानधन द्या, गुण द्यायचा अधिकार द्या. जवारी कानानं पारखायची असते; डोळ्यांनी अधू विद्यार्थी या वर्गात कुणाच्याही मागे राहणार नाही.

[पुन्हा कारखाना. संध्याकाळ.]

तंबोरा तयार होतोय. खर्जाची, सर्वांत खालच्या सुराची तार लागली. मधल्या जोडाच्या तारा मिळाल्या. पंचमाची तार अजून दबलेली आहे.

पुन्हा कानस.