आईची विळी, शेजारणीचा दगड आणि आंब्याचा साल्सा

(आधी नुसता आवाज. मग विळीचा क्लोजअप.)

आवाज ओळखला ना? विळीच आहे. कॅलिफोर्नियात सॅन होजेजवळ आमचं भाड्याचं घर, किचनच्या फरशीवर पेपर पसरून आई बसलीये, आणि ही घडीची विळी तिने सहा महिन्यांच्या मुक्कामासाठी चेक-इन बॅगेत साड्यांच्या मध्ये गुंडाळून आणलीये. ओट्याशी उभ्याने चिरलेलं तिला चिरलेलंच वाटत नाही.

हे आंबे हापूस नाहीत, आधीच सांगते. अताउल्फो म्हणतात याला. मेक्सिकोच्या पार दक्षिणेला, ग्वाटेमालाच्या हद्दीला लागून चियापास राज्य आहे, तिथल्या तापाचुलाचा हा आंबा, ज्याच्या जागेत ही झाडं होती त्याचंच नाव आंब्याला पडलं. आपल्या हापूसला 2018 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं ना, तसं त्या भागाला अताउल्फोसाठी 2003 मध्येच मिळालंय. कोय बघा, केवढी चपटी. रेषा जवळपास नाहीच. पूर्ण पिकला की सालीला सुरकुत्या पडतात आणि खायला तो तेव्हाच भारी, पण आज करतोय त्या साल्साला, म्हणजे मेक्सिकन चटणीला तो चालत नाही, सुरकुत्या पडायच्या एक-दोन दिवस आधीचा लागतो, दाबला तर थोडा दबेल पण बोट आत जाणार नाही असा. शेजारणीने अख्खी पेटी चाचपून त्यातले चार काढले. दुकानात शूट करू दिलं नाही, म्हणून डायरेक्ट घरातून सुरू केलंय.

(दरवाजा. शेजारीण दोन्ही हातांनी काहीतरी जड घेऊन आत येते.)

ही आमची शेजारीण, मूळची मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराची. तिला इंग्रजी कामापुरतं येतं, आईला तेवढंही नाही. आई तिला "बाई" म्हणते, ती आईला "सेन्योरा" म्हणते, आणि मी मध्ये भाषांतर करायला गेले की दोघी हाताने मला गप्प करतात, ते कॅमेऱ्यात आलंय एकदा.

आणि हा तिच्या हातातला दगड. मोल्काहेते, म्हणजे मेक्सिकोतला वाटायचा खल. तीन पायांचा, काळा, खरबरीत, बसाल्टचा. आईने त्यावर तळहात फिरवला आणि म्हणाली, हा आपलाच दगड आहे गं. बरोबर आहे तिचं, आपला सह्याद्री बसाल्टचा आणि आपले पाटे-वरवंटेही त्यातलेच. नवा मोल्काहेते आणला की त्यात तांदूळ भरडायचे, करडं पीठ निघतं ते फेकायचं, परत तांदूळ घालायचे, पीठ पांढरं येईपर्यंत हेच करत बसायचं. शेजारणीने हातवारे करून हे दाखवायला घेतलं तर आई अर्ध्यातच मान डोलवायला लागली, आमच्याकडे टाकी लावून आलेल्या पाट्यावर पहिलं वाटण असंच टाकून द्यायचे.

या दगडात आज फक्त दोन गोष्टी वाटल्यात, हालापेन्यो मिरची आणि मीठ. बाकी सगळं चिरायचं. मिक्सर काढायचा नाही, मिक्सरमधून आंब्याचा रस निघतो, मग आमरसच करा की, पुऱ्या तळा. आणि ती बाटलीतली मँगो साल्सा म्हणून मिळते ती तर नकोच, कपाटात महिनोन्‌महिने टिकायची म्हणून तापवलेली असते, त्यात आंबा शिजून गेलेला असतो आणि कोथिंबीर नावापुरती.

(आईच्या एका तळहातावर मिरची आणि आंब्याची फोड. हा शॉट थोडा लांब ठेवलाय.)

हा शॉट मला फार आवडतो. मिरची मेक्सिकोकडची, हालापेन्योचं तर नावच तिथल्या हालापा शहरावरून पडलंय. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर मिरची गोव्याला आली, त्याआधी आपल्याकडे तिखट म्हणजे मिरी, आलं, पिंपळी. आंबा उलटा गेला. मूळ आपल्या ईशान्येच्या बाजूचा, ब्रह्मदेशापर्यंतच्या पट्ट्यातला, तिथून पूर्वेकडे सरकत फिलिपिन्सला पोचला आणि तिथून स्पॅनिश जहाजांवरून पॅसिफिक ओलांडून मेक्सिकोच्या अकापुल्को बंदरात. मनिला ते अकापुल्को ही जहाजं 1565 पासून 1815 पर्यंत चालली, अडीचशे वर्षं! मेक्सिकोत आजही एका आंब्याला मनिलाच म्हणतात. मिरची-टोमॅटो वाटून केलेले प्रकार तिथे स्पॅनिश लोक यायच्या आधीपासून बाजारात विकले जायचे, साहागुन नावाच्या स्पॅनिश पाद्र्याने सोळाव्या शतकातच ते नोंदवून ठेवलेत, साल्सा हा शब्द मात्र स्पॅनिश, त्याचा अर्थ नुसता सॉस. म्हणजे आईच्या हातावर जे आहे त्यातली एक गोष्ट तिकडून इकडे आली, दुसरी इकडून तिकडे गेली, आणि आता दोन्ही या भाड्याच्या घरात.

अमेरिकेत शिरायला मात्र दोन्हीकडच्या आंब्यांना त्रास आहे. फळमाशीसाठी मेक्सिकोचा आंबा 46 अंशाच्या गरम पाण्यात तास-दीड तास बुडवून ठेवतात. आपला 2007 पासून यायला लागला तो लासलगावला रेडिएशन देऊन, जे केंद्र मुळात कांद्यासाठी बांधलं होतं.

कांदा म्हटल्यावर कांदा. अर्धा लाल कांदा, बारीक चिरून गार पाण्यात दहा मिनिटं, मग पिळून घ्यायचा, नाहीतर उग्र वास आंब्यावर बसतो. आंब्याच्या फोडी हरभऱ्याएवढ्या. कोथिंबीर देठांसकट, देठातच वास असतो. दोन लिंबं. मिरची वाटायच्या आधी आतल्या पांढऱ्या शिरा काढल्या, तिखटपणा बियांत नसतो, त्या शिरांत असतो, आणि आईने ते नखाने काढलं आणि पाच मिनिटांनी डोळ्याला हात लावला, ते मी कट केलंय.

मिठाचं नीट ऐका. मीठ पडलं की आंबा पाणी सोडतो. म्हणून मिरची-मिठाचं वाटण शेवटी, ताटं मांडल्यावर, आणि मग लाकडी चमच्याने तीनदा वरखाली. जास्त ढवळलं की गिच्च गोळा होतो.

(आई साखरेच्या डब्याकडे बघते.)

हो, आईने विचारलं, चिमूटभर घालू का? मग हिंग-मोहरीची फोडणी द्यायची का? मग दाण्याचं कूट आहे का घरात? तिच्या डोक्यात ही कोशिंबीरच आहे. शेजारणीने साखरेचा डबा उचलून फ्रिजवर ठेवला, आईचा हात पुरत नाही तिथे. माझं मत विचाराल तर फोडणी वाईट लागली नसती, पण मग त्याला दुसरं नाव ठेवा.

शेजारणीच्या गावाकडे फळांचाच एक प्रकार असतो, पिको दे गायो, म्हणजे कोंबड्याची चोच. बाकी मेक्सिकोत या नावाने टोमॅटो-कांदा मिळतो, तिच्या हलिस्को राज्यात मात्र संत्रं, काकडी आणि हिकामा नावाचा पांढरा करकरीत कंद, वरून लिंबू आणि लाल तिखट. तेही तिने केलं, बाजूच्या काचेच्या बोलमध्ये दिसतंय बघा.

वाढताना बोल बर्फाच्या ताटात ठेवलाय. तिने मक्याचे चिप्स आणले होते, आईने पोह्याचे मिरगुंड तळले, आणि चिप्स अर्धे उरले, मिरगुंड संपले. कॅमेऱ्यामागे मीही खात होते म्हणून फ्रेम हललीये.

एक सांगायचं राहिलं, 2008 मध्ये अमेरिकेत साल्मोनेला नावाच्या जंतूने चौदाशेवर लोक आजारी पडले, आळ आधी टोमॅटोवर आला आणि तपास शेवटी मेक्सिकोतून आलेल्या मिरच्यांपर्यंत गेला, तर सगळं धुऊन घ्या आणि बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नका.

(सिंक. खिडकीतलं ऊन.)

चार आंबे चिरले, चार कोया उरल्या. आईने त्या ताटलीत जपून ठेवल्या होत्या, मला वाटलं स्वतःसाठी. आता पुढचे चाळीस सेकंद मी बोलत नाही, दोघी सिंकवर वाकून कोपरापर्यंत रस ओघळत कोया चोखतायत, आणि आईने तिसरी बाईच्या हातात दिलीये.