पदकामागचे कागद

(दृश्य : ग्वाल्हेर. कंपू भागातील एसएएफ (मध्य प्रदेशाचे विशेष सशस्त्र पोलीस दल) मैदानावर प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाचा सराव.)

प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्य दिन या दोन्ही निमित्तांनी केंद्रीय गृह मंत्रालय पोलीस पदकांची यादी जाहीर करते. तीत देशभरातील शेकडो नावे असतात. वर्तमानपत्रे आपापल्या जिल्ह्याची नावे निवडून छापतात, शेजारीपाजारी अभिनंदनाला येतात, आणि पदक प्रत्यक्ष छातीवर लागते ते पुढे केव्हातरी होणाऱ्या अलंकरण समारंभात. एखादी घटना घडणे आणि तिच्याबद्दल पदक मिळणे यांच्या दरम्यान मोठा प्रवास असतो, आणि तो जवळजवळ सगळा कागदांवरून होतो. या माहितीपटाचा विषय तो प्रवास आहे, कारण शौर्याला न्याय मिळाला की नाही हे पुष्कळदा तिथेच ठरते.

या परंपरेची सुरुवात इंग्रजी अमदानीत, १९०९ साली स्थापन झालेल्या किंग्ज पोलीस मेडलपासून झाली. स्वतंत्र भारताने १ मार्च १९५१ रोजी राष्ट्रपतींचे पोलीस व अग्निशमन सेवा पदक आणि पोलीस पदक अशी आपली दोन पदके सुरू केली. पुढे निरनिराळ्या सेवांसाठी पदकांची संख्या वाढत सोळावर गेली. अलीकडेच या सोळांचे एकत्रीकरण होऊन चार पदके उरली : राष्ट्रपती शौर्य पदक, शौर्य पदक, विशिष्ट सेवेसाठी राष्ट्रपती पदक आणि गुणवत्तापूर्ण सेवेसाठी पदक. पोलीस, अग्निशमन, गृहरक्षक व नागरी संरक्षण दल आणि तुरुंग या सेवांतील माणसांचा विचार आता या चार पदकांसाठी एकत्रितपणे होतो. तुरुंगातील शिपाई आणि आगीचा बंब चालवणारा जवान पोलिसांच्या बरोबरीने एकाच यादीत दिसू लागले, याचे मला विशेष समाधान वाटते.

शौर्य पदकाच्या नियमांतील एक वाक्य मात्र थांबून वाचण्यासारखे आहे. जीवित व मालमत्तेचे रक्षण करताना, गुन्हा रोखताना किंवा गुन्हेगाराला पकडताना दाखवलेल्या असामान्य शौर्यासाठी हे पदक आहे, आणि पत्करलेल्या धोक्याचे मोल त्या व्यक्तीचे कर्तव्य व जबाबदारी लक्षात घेऊन ठरवायचे आहे. चोराच्या मागे धावणे हे पोलिसाचे कामच आहे, तेव्हा नुसते धावल्याबद्दल पदक मिळत नाही. कर्तव्याने जिथपर्यंत नेले असते, त्याच्या पुढे तो माणूस किती गेला, हे पाहायचे असते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचे सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हातात फक्त लाठी होती. त्यांनी समोरच्या रायफलची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली, गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या, आणि त्यामुळे हल्लेखोर जिवंत हाती लागला. त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळाले. शांतताकाळातील शौर्याचा हा सर्वोच्च सन्मान पोलीस पदकांच्याही वरचा आहे. नियमातील ते वाक्य समजून घ्यायला याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

(दृश्य : पोलीस ठाण्यातील टेबल, रोजनामचा म्हणजे रोजच्या नोंदींची जाडजूड वही, त्यावर फिरणारे बोट.)

आता हा रोजनामचा पाहा. ठाण्यातून पथक बाहेर पडले की मुन्शी, म्हणजे ठाण्याचा लेखनिक, त्यात रवानगी लिहितो. किती वाजता निघाले, कोणती गाडी नेली, कोण कोण गेले, कोणाकडे कोणते शस्त्र आणि किती काडतुसे दिली, आणि कशासाठी निघाले, हे सगळे चार-सहा ओळींत बसवावे लागते. परत आल्यावर वापसी लिहिली जाते आणि काडतुसांचा हिशेब जुळवला जातो. घाईच्या रात्री यातले एखादे नाव राहून जाते, किंवा ऐन वेळी गाडीत बसलेला आरक्षक (शिपाई) नोंदीत येतच नाही. वर्ष उलटल्यावर पदकाचा प्रस्ताव तयार करायला बसलेल्या अधिकाऱ्यापुढे असते ती हीच नोंद, सोबत गुन्ह्याचा पहिला अहवाल, पंचनामा, वैद्यकीय कागद आणि चौकशीचा निष्कर्ष. तिथे ज्याचे नाव नाही, त्याचे शौर्य प्रस्तावात आणायचे तर कोणालातरी मुद्दाम कष्ट घ्यावे लागतात. म्हणून मुन्शीच्या अक्षराला मी शौर्याच्या इतिहासातील पहिला पुरावा मानतो.

मे २०२२ मध्ये ग्वाल्हेर विभागातील गुना जिल्ह्यात, आरोन ठाण्याच्या हद्दीत, काळवीट मारून नेणाऱ्या शिकाऱ्यांना अडवायला गेलेल्या पथकावर पहाटेपूर्वीच्या अंधारात गोळीबार झाला आणि तीन पोलीस मृत्युमुखी पडले. दरोडेखोरांशी चकमक व्हावी असे ते निमित्त नव्हते. खबर मिळाली म्हणून नेहमीसारखे निघालेले ते पथक होते. पोलिसांच्या वाट्याला येणारा बराचसा धोका असाच, नेहमीच्या गस्तीच्या पोटात लपलेला असतो.

कागदांची काळजी घेण्याला दुसरी बाजूही आहे आणि ती तितक्याच मोकळेपणाने सांगितली पाहिजे. चकमकीनंतर लगोलग बक्षिसे आणि क्रमपूर्व पदोन्नती देण्याची पद्धत असेल, तर चकमक खरी होती का, हा प्रश्न मागे पडतो. मुंबईतील चकमकींवरून सुरू झालेल्या पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी मार्गदर्शक सूचना दिल्या. घटनेनंतर तातडीने पदोन्नती किंवा शौर्य पुरस्कार देऊ नयेत, आणि संबंधितांचे शौर्य निःसंशय सिद्ध झाल्यावरच ते द्यावेत, असे त्यांत बजावले आहे. काही पोलिसांना हा अविश्वास वाटतो. मला तो ज्यांनी खरोखर जीव धोक्यात घातला त्यांच्या बाजूचा निर्णय वाटतो, कारण एका खोट्या चकमकीबद्दल दिलेले पदक सगळ्या खऱ्या पदकांवर डाग पाडते. पदक परत घेण्याची तरतूद नियमांतही आहे, आणि ते परत घेतल्याचे राजपत्रात प्रसिद्ध करावे लागते.

(दृश्य : चंबळची बेहड, म्हणजे नदीकाठच्या घळी. मातीच्या उभ्या कड्यांमधून जाणारी पायवाट.)

ग्वाल्हेरमधून पोलिसांच्या शौर्याविषयी बोलायचे आणि चंबळचे नाव घ्यायचे नाही, हे शक्य नाही. ग्वाल्हेर शहराच्या लष्कर विभागातील दौलतगंज, जिवाजीगंज, शिंदे की छावणी या भागांतील मराठी घरांत बागींच्या, म्हणजे चंबळच्या दरोडेखोरांच्या, गोष्टी आजी-आजोबांकडून आल्या आहेत. १९५८ पासून मध्य प्रदेशाचे पोलीस महानिरीक्षक होते खुस्रो फरामुर्ज रुस्तमजी. नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले, नागपुरात शिकलेले आणि १९३८ मध्ये जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडच्या पोलीस सेवेत रुजू झालेले हे अधिकारी. त्यांच्या कारकिर्दीत १९५९ च्या नोव्हेंबरमध्ये गब्बरसिंग या दरोडेखोराची टोळी संपवण्यात आली. पुढच्याच वर्षी, मे १९६० मध्ये, रायगड जिल्ह्यातील गागोदे गावचे विनोबा भावे चंबळमध्ये पायी फिरले आणि वीस बागींनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. रुस्तमजींनी या मोहिमेवर उघड टीका केली. पोलिसांच्या मनोधैर्याची त्यांना चिंता होती. ज्यांचे सहकारी त्या बेहडांत मारले गेले होते, त्यांच्या वरिष्ठाने असे बोलावे हे समजण्यासारखे आहे. तरीही एप्रिल १९७२ मध्ये मुरैना जिल्ह्यातील जौरा येथे जयप्रकाश नारायण यांच्या साक्षीने मोहरसिंग आणि माधोसिंग यांच्या टोळ्यांनी केलेले आत्मसमर्पण पाहिले, की विनोबांनी दाखवलेल्या वाटेचे मोलही मान्य करावे लागते. बोलणी करायला बेहडात निःशस्त्र जाणाऱ्याने पत्करलेला धोका काही कमी नसतो. परंतु शौर्य पदकाची कसोटी बहुतेक वेळा गोळीबाराच्या क्षणावर येऊन थांबते, आणि एकही गोळी न झाडता टळलेल्या रक्तपाताचा पंचनामा कोणी करत नाही. पदकांच्या आजच्या व्यवस्थेतील मला दिसणारी सर्वांत मोठी उणीव ही आहे.

रुस्तमजी पुढे १९६५ मध्ये सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख झाले. ग्वाल्हेरहून झाशीकडे जाताना लागणाऱ्या टेकनपूर येथे त्या दलाची अकादमी उभी राहिली, आणि तिच्या आवारातील अभियांत्रिकी महाविद्यालयाला आज त्यांचेच नाव आहे. मध्य प्रदेश शासन आपल्या पोलिसांना के. एफ. रुस्तमजी पुरस्कार देते. त्यात परम विशिष्ट, अति विशिष्ट आणि विशिष्ट अशा श्रेणी आहेत. पुरस्काराला नाव कोणाचे द्यावे, याची ही निवड मला फार योग्य वाटते, आणि तिचे कारण चंबळच्या पलीकडचे आहे. निवृत्तीनंतर राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य असताना रुस्तमजींनी बिहारच्या तुरुंगांत खटल्याविना वर्षानुवर्षे पडलेल्या कच्च्या कैद्यांविषयी लेख लिहिले. त्या लेखांमुळे १९७९ चा हुसैनारा खातून खटला उभा राहिला, हजारो कैद्यांच्या सुटकेचा मार्ग मोकळा झाला आणि जनहित याचिकेची वाट रुळली. पोलीस सेवेच्या गौरवात हाही भाग मोजला गेला पाहिजे.

बंदुकीविना केलेल्या कामाची दखल घेणारे सन्मान नाहीत असे नाही. उत्कृष्ट तपासासाठी २०१८ मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांचे पदक सुरू झाले. २०२४ पासून त्याची जागा केंद्रीय गृहमंत्री दक्षता पदकाने घेतली असून ते सरदार पटेलांच्या जयंतीला, ३१ ऑक्टोबरला जाहीर होते. बुडणाऱ्याला किंवा आगीत सापडलेल्याला वाचवणाऱ्यांसाठी जीवन रक्षा पदके आहेत. पोलिसालाही ती मिळू शकतात, मात्र त्याने ते कृत्य कर्तव्यावर नसताना केलेले असावे लागते.

(दृश्य : २१ ऑक्टोबर. पोलीस स्मृती दिनाचे संचलन. शस्त्रे उलटी धरलेले जवान.)

लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे २१ ऑक्टोबर १९५९ रोजी चिनी सैन्याच्या हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे दहा जवान मारले गेले. तेव्हापासून हा दिवस पोलीस स्मृती दिन म्हणून पाळला जातो, आणि वर्षभरात कर्तव्यावर प्राण गेलेल्या प्रत्येकाचे नाव त्या दिवशी मोठ्याने वाचले जाते. नवी दिल्लीत चाणक्यपुरी येथे २०१८ मध्ये खुल्या झालेल्या राष्ट्रीय पोलीस स्मारकाच्या भिंतीवर अशी ३४ हजारांहून अधिक नावे कोरलेली होती. या नावांपैकी फार थोड्यांच्या वाट्याला शौर्य पदक आले. मरण आले म्हणजे पदक मिळालेच, असे होत नाही. त्यासाठीही प्रस्ताव लागतो.

शौर्य पदकासोबत दरमहा भत्ता मिळतो, तो निवृत्तीनंतर चालू राहतो आणि पदकधारकाच्या पश्चात त्याच्या पत्नीला मिळतो. तेव्हा प्रस्तावात राहून गेलेल्या एका नावाची किंमत त्या घराला महिन्याच्या महिन्याला मोजावी लागते. चकमकीच्या ठिकाणी गाडी उलटी वळवून जखमींना बाहेर काढणारा चालक, रात्रभर वायरलेसवर बसून कुमक मागवणारा आरक्षक, आणि पोलीस लाइनीतून ऐन वेळी पाठवलेला नवा जवान, यांची नावे बहुधा अशीच राहून जातात. ठाणे प्रभारींनी प्रस्तावावर सही करण्यापूर्वी त्या रात्रीची रवानगीची नोंद शेजारी उघडून ठेवावी, पथकातील प्रत्येकाला बोलावून विचारावे, आणि जे नाव नोंदीत आहे पण प्रस्तावात नाही, ते का नाही हे फाइलीवर लिहून ठेवावे.