काचेवरचा कागद: नोकरी कामासाठी की चेहऱ्यासाठी?

नमस्कार. मागच्या महिन्यात नागपूरच्या धरमपेठेतल्या एका उपाहारगृहाच्या काचेवर हाताने लिहिलेला एक कागद चिकटवलेला होता: "काउंटरसाठी मुलगी पाहिजे. वय १८ ते २५. दिसायला स्मार्ट. किचनसाठी मुले पाहिजेत." पगार किती, सुट्टी कोणत्या वारी, रात्री किती वाजता सोडणार, यांपैकी एकही गोष्ट त्यावर नव्हती. सदर, सीताबर्डी, वर्धा रोड, कुठेही असा कागद दिसतो, आणि आपण तो वाचून निवांतपणे तर्री-पोहे मागवतो. आज त्या कागदाविषयी बोलायचे आहे.

मालकाला विचारले तर उत्तर ठरलेले असते: "ग्राहकाला तेच आवडते." तो खोटे बोलत नाही, गल्ल्यावर बसणाऱ्याला ग्राहकाची नजर तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली कळते. परंतु ग्राहकाची आवड हेच नोकरी देण्या-नाकारण्याचे पुरेसे कारण मानले, तर उद्या एखाद्या ग्राहकाने वाढप्याचे आडनाव विचारले आणि ते न आवडल्याने तोंड वाकडे केले, तर त्याला नाही म्हणायला मालकाकडे कोणता आधार उरतो?

येथे एक विसंगती आहे. संविधानाच्या अनुच्छेद १५च्या दुसऱ्या खंडात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आहे: धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणत्याही नागरिकाला तेथे प्रवेश नाकारता येत नाही. म्हणजे टेबलापाशी बसणाऱ्याचे रक्षण थेट संविधान करते. मात्र त्याच टेबलावर ताट आणून ठेवणाऱ्याला, तो खासगी नोकरीत असल्यामुळे, इतर कायद्यांचा आधार शोधावा लागतो.

लिंगाच्या बाबतीत तो आधार मिळतो. १९७६च्या समान वेतन कायद्याने सारख्या कामासाठी भरती करतानाही स्त्रियांशी भेदभाव करण्यास मनाई केली, आणि २०१९च्या वेतन संहितेत हे तत्त्व कायम राहिले. पंजाब उत्पादन शुल्क कायद्यातील एका कलमानुसार, जेथे लोक मद्यपान करतात अशा जागी स्त्रियांना आणि २५ वर्षांखालील पुरुषांना नोकरी देता येत नसे. त्यातली स्त्रियांवरची बंदी उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली आणि अनुज गर्ग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली तो निर्णय कायम ठेवला. स्त्रियांना धोका आहे म्हणून त्यांचा रोजगार काढून घेण्यापेक्षा त्यांना सुरक्षितपणे काम करता येईल अशी व्यवस्था करावी, असा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा रोख होता. आपल्याकडे "रात्रीची बाई कशाला, उगाच जोखीम" असे म्हणणाऱ्या व्यवस्थापकांनी तो मुद्दाम वाचावा. महाराष्ट्राचा २०१७चा दुकाने व आस्थापना कायदाही रात्री साडेनऊनंतर स्त्रीला तिच्या संमतीने काम करू देतो. मात्र तिच्या सुरक्षिततेची आणि घराच्या दारापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी मालकावर टाकतो. खरी अडचण बहुधा त्या गाडीच्या खर्चाची असते, आणि बोलताना तिला काळजीचे नाव मिळते.

रूपाविषयी मात्र कायदा जवळजवळ गप्प आहे. एकदा एका उपाहारगृहात मी पार्सलची वाट पाहत उभा होतो. शेजारच्या टेबलावर मुलाखत चालली होती. समोरच्या बाईंच्या हनुवटीवर आणि हातांवर कोडाचे पांढरे डाग होते. सहा वर्षे वाढण्याचे काम केले आहे, पंगतीत एका वेळी चाळीस पाने सांभाळली आहेत, असे त्या सांगत होत्या. व्यवस्थापकाने त्यांचा अर्ज उलटा करून टेबलावर ठेवला आणि म्हटले, "ताई, आत भांड्यांवर जागा आहे, बघा." कोड स्पर्शाने पसरत नाही. कामाला लागणारा अनुभवही त्या बाईंकडे होता. तरीही त्यांची जागा दर्शनी दालनातून मोरीपाशी सरकली, आणि मी पार्सल घेऊन निघून आलो, हेही सांगायला हवे.

येथे स्वच्छतेचा मुद्दा पुढे केला जातो, म्हणून फरक नीट पाहू. नखे कापलेली असणे, केस झाकलेले असणे, वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी होणे, या अन्नसुरक्षेच्या नियमांतल्या अपेक्षा आहेत. त्या कोणालाही पाळता येतात आणि खाणाऱ्याच्या आरोग्याशी त्यांचा थेट संबंध आहे. रंग, उंची, बांधा किंवा चेहऱ्यावरचा डाग यांचा तसा संबंध नाही. "प्रेझेंटेबल" या एका शब्दात दोन्ही गोष्टी कोंबल्या जातात, म्हणून तो शब्द मालकाला सोयीचा वाटतो.

आणि हा भार केवळ नाकारल्या गेलेल्यांवरच पडत नाही. दिसण्यासाठी निवडलेल्या मुलीलाही ग्राहकाचे टक लावून पाहणे हा कामाचाच भाग म्हणून सोसावे लागते. पंचविशी उलटली की तिची जागा जाते, आणि तोवर हिशेब, साठा, खरेदी यांतले काही शिकवण्याची कोणाला गरज वाटलेली नसते. दुसरीकडे, बिल करण्यात तरबेज असलेल्या मुलाला "काउंटरला मुलगीच हवी" म्हणून परत पाठवले जाते.

धरमपेठेतला तो कागद परवा पुन्हा पाहिला. पावसाने त्याची शाई पसरली आहे, पण "दिसायला स्मार्ट" अजून वाचता येते. पगाराची ओळ त्यावर अजूनही नाही.