सहाव्या जागेवरचं व्हॅलिन

ही पांढरी पट्टी नीट पाहा. हिच्यावर तिघांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन ठेवलंय. विजेचा प्रवाह सुरू झाला, की ते धन टोकाकडे सरकू लागतं. पहिल्याची रेघ बरीच पुढे गेली: एए, म्हणजे आईवडील दोघांकडून नेहमीचं ‘ए’ हिमोग्लोबिन. दुसऱ्याची मागेच राहिली: एसएस, म्हणजे दोघांकडून बिघडलेलं ‘एस’, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा रुग्ण. तिसऱ्याच्या दोन रेघा उमटल्या: एएस, वाहक, म्हणजे स्वतः रुग्ण नसला तरी एस मुलांना देऊ शकणारा. गडचिरोली, नंदुरबारकडे लग्न ठरण्याआधी ही अक्षरं माहीत करून घ्या, असं आरोग्य कर्मचारी कळकळीनं सांगतात.

एस मागे का राहतं?

१९४९ साली अमेरिकेत लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच फरक पाहिला आणि हा रेणूचा आजार असल्याचं सांगितलं. रेणूत नेमकं कुठे बिनसलंय, ते केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी शोधलं. ट्रिप्सिन या पाचक एन्झाइमनं त्यांनी दोन्ही हिमोग्लोबिनचे तुकडे केले, कागदावर पसरले. ठिपक्याला ठिपका जुळला. एकच जुळेना.

हिमोग्लोबिनच्या चार साखळ्या. दोन अल्फा, दोन बीटा. बीटा साखळीत अमिनो आम्लांचे १४६ मणी ओवलेले. त्यातला सहावा ग्लुटामिक आम्लाचा. एसमध्ये तिथे व्हॅलिन येतं. एवढाच फरक. पण ग्लुटामिक आम्लावर ऋणभार असतो, व्हॅलिनवर नसतो. धन टोकाची ओढ तेवढी कमी, म्हणून रेघ मागे.

शरीरात मात्र हे इतक्यावर थांबत नाही. व्हॅलिन तेलासारखं, पाण्यापासून अंग चोरणारं. ऑक्सिजन सोडला, की हिमोग्लोबिनचा आकार किंचित बदलतो, शेजारच्या रेणूवर एक खोबण उघडी पडते आणि व्हॅलिन तिच्यात जाऊन बसतं. रेणूला रेणू चिकटत दोर वळला जातो. लवचीक, गोल तांबडी पेशी ताठरते, विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. हाडं ठणकतात ती यामुळे. वरून काहीच दिसत नाही, म्हणून अशा पोराला कामचुकार म्हटलं जातं, याचं फार वाईट वाटतं.

जन्मतः बाळ मात्र ठणठणीत असतं. त्याच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन, म्हणजे एफ, भरपूर असतं. त्यात बीटाऐवजी गॅमा साखळ्या असतात आणि ते या दोरात गुंफलं जात नाही. काही महिन्यांत ते ओसरतं, मग दुखणं सुरू होतं. हायड्रॉक्सियुरिया हे औषध तेच एफ पुन्हा वाढवतं. ते नियमित घेणाऱ्या रुग्णाच्या पट्टीवर एसच्या थोडी पुढे आणखी एक रेघ दिसू लागते.