टायलिंग विंडो मॅनेजर: कॉन्फिग लिहिताना आणि इतरांना देताना

उपस्थित मित्रहो,

पडद्यावर उघडलेली प्रत्येक खिडकी कोठे असावी आणि तिने किती जागा व्यापावी हे ठरवणाऱ्या प्रोग्रामला आपण विंडो मॅनेजर म्हणतो. बहुतेकांच्या परिचयाच्या पद्धतीत खिडक्या एकमेकींवर पसरतात आणि त्या सरकवण्याचे काम वापरणाऱ्याला माउसने करावे लागते. टायलिंग विंडो मॅनेजर ते काम स्वतःकडे घेतो: नवी खिडकी उघडली की तो उपलब्ध जागेचे विभाजन करतो, आणि सहसा एकही खिडकी दुसरीच्या मागे दडत नाही. कल्पना जुनीच आहे. १९८१ च्या झेरॉक्स स्टारमध्ये आणि १९८५ च्या विंडोज १.० मध्येही खिडक्या शेजारी शेजारीच मांडल्या जात. लिनक्सच्या जगात २००६ मध्ये डीडब्ल्यूएम, २००७ मध्ये एक्समोनाड आणि ऑसम, तर २००९ मध्ये आयथ्री आला. पुढे वेलँडसाठी, म्हणजे लिनक्सवर पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या नव्या व्यवस्थेसाठी, आयथ्रीशी सुसंगत असा स्वे तयार झाला आणि त्याची १.० आवृत्ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. यांतल्या आयथ्री आणि स्वे यांवर मी आज भर देणार आहे, कारण दोघांच्या कॉन्फिग फाइलची, म्हणजे कळा आणि मांडणी ठरवणाऱ्या फाइलची, भाषा जवळजवळ एकच आहे आणि ती वाचण्यासाठी प्रोग्रामिंग यावे लागत नाही.

या फाइलमधील प्रत्येक ओळ हा एक निर्णय असतो. त्या निर्णयाचे कारण सोबत लिहिलेले नसेल, तर ती ओळ दुसऱ्याच्या तर नाहीच, पण काही महिन्यांनी आपल्याही उपयोगाची राहत नाही, असे माझे ठाम मत आहे, आणि पुढील सर्व सूचना त्याच मतातून आलेल्या आहेत.

पहिला निर्णय मॉड कळीचा, म्हणजे विंडो मॅनेजरला आज्ञा देताना दुसऱ्या कळीसोबत दाबायच्या कळीचा. आयथ्री पहिल्यांदा सुरू झाला की मॉड म्हणून विंडोज कळ हवी की आल्ट, हे विचारतो. आल्ट अंगठ्याखाली सहज येते म्हणून पुष्कळ जण तीच निवडतात. परंतु आल्ट आणि डी ही जोडी अनेक ब्राउझरांमध्ये पत्त्याच्या पट्टीवर नेते, टर्मिनलमध्ये आज्ञा घेणाऱ्या बॅशमध्ये पुढचा शब्द पुसते, आणि आयथ्रीच्या मूळ मांडणीत मॉड आणि डी यांवर प्रोग्राम सुरू करणारा डीमेन्यू बसवलेला असतो. विंडो मॅनेजरने घेतलेली कळ आतल्या प्रोग्रामपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून विंडोज कळ, म्हणजे फाइलमधील मॉड-फोर, निवडणे मला अधिक सुरक्षित वाटते.

दुसरी अडचण व्हिम हा मजकूर-संपादक वापरणाऱ्यांना हमखास येते. आयथ्रीमध्ये खिडक्यांत फिरण्यासाठी जे, के, एल आणि अर्धविराम या कळा आहेत, कारण बोटे तेथेच टेकलेली असतात. व्हिमप्रमाणे एच, जे, के, एल हव्या असतील तर केवळ चार ओळी बदलून चालत नाही. एच ही कळ आडव्या विभाजनासाठी आधीच दिलेली असते, त्यामुळे एकच जोडणी दोनदा झाल्याची तक्रार पडद्यावर उमटते. स्वेने सुरुवातीपासूनच व्हिमची पद्धत स्वीकारली आणि आडवे विभाजन बी या कळीवर नेले. आयथ्रीतही तसेच करावे, म्हणजे एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाताना हात गोंधळत नाहीत.

कळांपेक्षाही महत्त्वाची, आणि माझ्या मते सर्वांत कमी समजावून सांगितली जाणारी, गोष्ट म्हणजे खिडक्यांची वृक्षरचना. आयथ्री खिडक्यांची साधी यादी ठेवत नाही. तो कंटेनरांचे झाड ठेवतो. प्रत्येक कंटेनरात खिडक्या असतात किंवा आणखी कंटेनर असतात, आणि प्रत्येकाची मांडणी स्वतंत्र असते: आडवी, उभी, टॅबची किंवा एकावर एक रचलेली. नवा वापरकर्ता टॅबची मांडणी निवडतो आणि पडद्यावरील सगळ्याच खिडक्या टॅबमध्ये गेल्या म्हणून गोंधळतो, तेव्हा त्याला आपण झाडाच्या कोणत्या पातळीवर आहोत याचा अंदाज नसतो. मॉड आणि ए दाबले की लक्ष खिडकीवरून तिच्या पालक कंटेनरावर जाते, आणि मग तो संपूर्ण गट एकत्र हलवता येतो किंवा त्याची मांडणी बदलता येते. ही एक कळ आत्मसात झाली की डावीकडे संपादक आणि उजवीकडे टॅबमध्ये तीन टर्मिनल अशी रचना माउसला हात न लावता उभी राहते. फाइलमध्ये पन्नास नव्या ओळी घालण्याआधी हे झाड समजून घ्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

खिडक्यांचे नियम, म्हणजे अमुक प्रोग्रामची खिडकी कोठे आणि कशी उघडावी हे, लिहिताना प्रोग्रामचे नाव अंदाजाने लिहू नये. आयथ्री ज्यावर चालतो त्या जुन्या एक्स-इलेव्हन व्यवस्थेत एक्सप्रॉप ही आज्ञा चालवून खिडकीवर क्लिक केले की तिचा क्लास, म्हणजे प्रोग्रामची ओळख, कळतो. स्वेमध्ये स्वे-मेसेज या आज्ञेने संपूर्ण वृक्ष मागवून त्यात अ‍ॅप-आयडी पाहावा. वेलँडच्या खिडक्यांना अ‍ॅप-आयडी असतो, तर एक्सवेलँडमधून, म्हणजे वेलँडवर एक्स-इलेव्हनचे प्रोग्राम चालवणाऱ्या सोयीतून, चालणाऱ्या जुन्या प्रोग्रामांना क्लासच असतो. आयथ्रीतून आणलेला नियम स्वेमध्ये निमूटपणे निष्फळ ठरतो तो बहुधा यामुळेच.

प्रोग्राम सुरू करणाऱ्या एक्झेक आणि एक्झेक-ऑलवेज या आज्ञांतील फरकही असाच नजरेतून सुटतो. पहिली आज्ञा सुरुवातीला एकदाच चालते. दुसरी आयथ्री जागच्या जागी पुन्हा सुरू केल्यावर, आणि स्वेमध्ये फाइल पुन्हा वाचल्यावरही चालते, त्यामुळे तिच्यावर सोपवलेल्या पार्श्वभूमीतील प्रोग्रामच्या प्रती साठत जातात.

पूर्ण डेस्कटॉप सोडून येणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सूचना दाखवणे, पडदा कुलूपबंद करणे, प्रशासकाचा पासवर्ड विचारणे ही कामे विंडो मॅनेजर करत नाही. पॉलकिटचा, म्हणजे परवानग्या तपासणाऱ्या व्यवस्थेचा, एजंट सुरू नसेल तर पासवर्डची चौकट उघडत नाही आणि प्रोग्राम कारण न सांगता अडतो. स्वेमध्ये पर्यावरणातील चले (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स) प्रोग्रामांमध्ये निरोप पोहोचवणाऱ्या डी-बसला कळवलेली नसतील तर जीटीके या साधनसंचावर बनलेले काही प्रोग्राम उघडायला वीस सेकंदांहून अधिक वेळ घेतात. दोष त्या प्रोग्रामांचा वाटतो, पण ते पोर्टल या पार्श्वभूमीतील सेवेच्या उत्तराची वाट पाहत थांबलेले असतात. एकाहून अधिक लिप्यांमध्ये किंवा देवनागरी मांडणीत टंकन करणाऱ्यांनी स्वेच्या बाइंडसिमला, म्हणजे कळ आज्ञेशी जोडणाऱ्या ओळीला, टू-कोड हा पर्याय जोडावा. त्यामुळे कळा पहिल्या मांडणीनुसार एकदाच ठरतात आणि भाषा बदलली तरी जोडण्या चालू राहतात.

आता आपली फाइल इतरांना देण्याविषयी. केवळ पडद्याचे सुंदर छायाचित्र दिल्याने पाहणाऱ्याला रंग कळतात. कोणती खिडकी का तेथे आहे हे कळत नाही. म्हणून कारण टिपणाच्या (कमेंटच्या) रूपात फाइलमध्येच लिहावे. येथे एक सावधगिरी हवी: आयथ्रीमध्ये टिपण ओळीच्या सुरुवातीपासूनच लिहावे लागते, आज्ञेच्या शेवटी जोडलेले टिपण हा आज्ञेचाच भाग मानला जातो. आपल्या यंत्रापुरत्या गोष्टी, उदाहरणार्थ मॉनिटरची नावे, वेगळ्या फाइलमध्ये ठेवून इन्क्लूड या आज्ञेने जोडाव्यात. आयथ्रीत ही सोय ४.२० आवृत्तीपासून आहे. गिटमध्ये, म्हणजे फाइलींच्या बदलांचा इतिहास जपणाऱ्या व्यवस्थेत, फाइल टाकण्याआधी स्क्रिप्टमधील टोकन (सेवांत प्रवेश देणाऱ्या गुप्त खुणा) आणि पासवर्ड काढावेत, कारण नंतर ओळ पुसली तरी जुन्या कमिटमध्ये (नोंदीत) ती तशीच राहते, आणि एकदा बाहेर गेलेले टोकन रद्द करणे एवढाच उपाय उरतो.

दुसऱ्याची फाइल घेताना ती जशीच्या तशी न उतरवता एकेक भाग आणावा आणि प्रत्येक वेळी आयथ्रीला मोठ्या सी चा पर्याय देऊन ती तपासून घ्यावी. स्वेलाही तोच पर्याय चालतो. देणाऱ्याने आपली आवृत्ती न चुकता लिहावी. खिडक्यांमधील मोकळी जागा पूर्वी आयथ्री-गॅप्स या वेगळ्या शाखेतच मिळत असे आणि ४.२२ पासून ती मूळ आयथ्रीत आली. त्यामुळे गॅप्सच्या ओळी असलेली फाइल त्याहून जुन्या आयथ्रीवर चालवली की त्रुटीची पट्टी दिसते, आणि वर आवृत्ती नोंदवलेली असेल तर घेणाऱ्याला तिचे कारण तेथेच सापडते.