बशीत न वाढणारा परजीवी

मलेरियाचा सर्वात जीवघेणा परजीवी फाल्सिपेरम. १९७६ साली तो प्रयोगशाळेत, माणसाच्या रक्तपेशींवर सतत वाढवण्याची पद्धत सापडली आणि संशोधनाला वेग आला. मलेरियाच्याच दुसऱ्या परजीवीच्या, व्हायवॅक्सच्या वाट्याला हे भाग्य आलं नाही. त्याला लागतात नुकत्याच तयार झालेल्या, कोवळ्या लाल पेशी. रक्तात त्या शंभरात जेमतेम एक-दोन. बशीत तो फार काळ तगत नाही.

हातात न राहणाऱ्या या जिवाचा अभ्यास शास्त्रज्ञ जेन कार्लटन यांनी त्याच्या डीएनएमधून, संगणकाच्या मदतीनं केला.

एडिनबरा विद्यापीठातून पीएच.डी. झाल्यावर त्या अमेरिकेत गेल्या. ऑक्टोबर २००२ मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन जीनोम, म्हणजे जिवाच्या डीएनएचा संपूर्ण मजकूर, आले: फाल्सिपेरमचा, आणि आफ्रिकेतल्या रानउंदरांमधल्या योएली या मलेरिया-परजीवीचा. योएलीचं काम कार्लटन यांच्या पुढाकारानं झालं होतं. फाल्सिपेरमच्या सुमारे ५,३०० जनुकांपैकी ३,३०० जनुकांची जोडीदार जनुकं योएलीत सापडली. उंदरावरच्या प्रयोगातून माणसाच्या मलेरियाबद्दल किती सांगता येईल आणि कुठे थांबावं लागेल, हे त्यामुळे जनुकागणिक तपासता येऊ लागलं.

पुढचं काम मात्र घाम काढणारं होतं. ट्रायकोमोनास, लैंगिक संबंधातून पसरणारा परजीवी. डीएनएचे तुकडे वाचायचे आणि जुळणाऱ्या टोकांवरून संगणकानं ते सांधायचे, ही नेहमीची रीत. इथे दोन तृतीयांश मजकूर पुनरावृत्तीचा निघाला. फाटलेल्या पोथीत प्रत्येक कडव्यानंतर तेच ध्रुवपद असावं, तसं. तो तुकडा कुठेही बसतो, म्हणून नेमका कुठला ते कळत नाही. २००७ मध्ये ‘सायन्स’मध्ये हा जीनोम आला: डीएनएची सुमारे १६ कोटी अक्षरं आणि जवळपास ६०,००० जनुकं. माणसाची जनुकं साधारण २०,०००! एका पेशीच्या जिवाकडे इतका पसारा असेल, हे खरोखर थक्क करणारं होतं.

आणि २००८ मध्ये व्हायवॅक्स. एल साल्वादोरमधल्या रुग्णाकडून आलेला, माकडांमध्ये जोपासलेला वाण. १४ गुणसूत्रं, सुमारे २.७ कोटी अक्षरं. फाल्सिपेरमनंतर तब्बल सहा वर्षांनी! या आजाराला ‘सौम्य’ म्हणत आल्यानं त्याच्याकडे फार दुर्लक्ष झालं. यकृतात दडून महिन्यांनी पुन्हा ताप आणणाऱ्या, मुंबई-गोव्यापर्यंत पसरलेल्या परजीवीला सौम्य म्हणणं रुग्णांवर अन्यायच आहे.

एक वाण वाचून भागणार नव्हतं. २०१२ मध्ये कार्लटन आणि सहकाऱ्यांनी भारत, ब्राझील, मॉरिटानिया आणि उत्तर कोरियातले चार वाण ताडून पाहिले. व्हायवॅक्समधली विविधता फाल्सिपेरमच्या जवळपास दुप्पट निघाली. एका देशातल्या नमुन्यांवर बेतलेली लस दुसरीकडे तशीच लागू पडेल, हे गृहीत धरता येत नाही. नमुने ठिकठिकाणच्या रुग्णांकडूनच घ्यायला हवेत. कार्लटन यांच्या नेतृत्वाखालच्या केंद्रानं राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्थेसोबत २०१० पासून हेच काम भारतात सुरू केलं: चेन्नईत, नडियादला आणि राऊरकेलात.