पाहुणा शिकवून गेल्यानंतर

आफ्रिकेच्या ग्रामीण भागात माता-बालआरोग्याचे काम करावे, अशी इच्छा असलेले अनेक तरुण डॉक्टर आणि परिचारिका आज येथे उपस्थित आहेत. किती दिवसांसाठी जावे, हे बहुतेकजण विचारतात. आपण परतल्यावर तेथे काय चालू राहील, हे क्वचितच कोणी विचारते. या प्रश्नाचे उत्तर टांझानियातील हायडम येथील रुग्णालयाच्या अनुभवावरून चांगले समजते.

जन्मलेले बाळ रडले नाही, तर त्याला कोरडे करायचे, पाठ चोळायची आणि तरीही श्वास सुरू झाला नाही, तर पहिल्या मिनिटाच्या आत अंबू बॅगने, म्हणजे मास्क जोडलेली पिशवी हाताने दाबून, हवा द्यायची, हे शिकवणारा ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ हा अभ्यासक्रम २०१० मध्ये सुरू झाला. त्याचे मुख्य साधन म्हणजे पाणी भरून बाळाएवढी जड केलेली बाहुली. मास्क नाका-तोंडावर घट्ट बसला तरच तिची छाती वर येते. कडेने हवा निसटली की छाती हलत नाही आणि शिकणाऱ्याला आपली चूक कोणी न सांगताच कळते.

हायडमला हे प्रशिक्षण एका दिवसात उरकले गेले. बाहुलीवर सर्वांचे हात सफाईदार चालू लागले. प्रसूतिगृहातील प्रत्यक्ष काम मात्र होते तसेच राहिले. मला यात नवल वाटत नाही. रात्रपाळीला मोजकी माणसे, एका खाटेवर रक्तस्राव होणारी आई, दुसरीकडे निपचित बाळ, अशा वेळी सहा महिन्यांपूर्वीचे व्याख्यान आठवत बसायला कोणाला उसंत असते? पुढे तेथेच दर आठवड्याला काही मिनिटांचा सराव आणि महिन्यातून एकदा जरा सविस्तर उजळणी सुरू झाली. तेव्हा जन्मानंतरच्या २४ तासांतील बालमृत्यूंचे प्रमाण हजारी ११.१ वरून ७.२ पर्यंत उतरले. बाहुली तीच होती, अभ्यासक्रमही तोच.

आपल्याकडे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले आणि त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शिकलेली बाई त्याच गावात राहत होती, ही त्यातली मोठी जमेची बाजू.

म्हणून जाणार असाल, तर तेथील एखाद्या जाणत्या सुईणीला पुढे करा आणि साप्ताहिक सराव पहिल्या आठवड्यापासून तिच्याच हाती द्या. वैद्यकीय नोंदणीची परवानगी निघण्यापूर्वी मिळवा. भारतात जी प्रसूती तुम्हाला एकट्याने करू दिली जाणार नाही, ती तेथेही करू नका. ती करणे म्हणजे तेथील विद्यार्थिनींच्या वाट्याचे शिक्षण हिरावून घेणे, आणि हा प्रकार मला तरी गैर वाटतो. आणि सामान न्यायचेच असेल, तर सुटे भाग मिळणार नाहीत अशा यंत्रापेक्षा नवजात बाळाच्या मापाचे, धुऊन निर्जंतुक करता येणारे मास्क न्या.